प्यादेमात

सुरतेत आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत बुद्धिबळात हरण्याचे दोन प्रकार होते. वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांनी राजाला मारलं तर माणूस नुसता हरायचा. प्याद्याने मारलं तर त्याची शोभा व्हायची. त्याला प्यादेमात म्हणत. ज्याच्यावर प्यादेमात झाली त्याने उठून समोरच्याला पाण्याचा तांब्या आणून द्यायचा, आणि बसलेल्यांनी त्या वेळी काय वाटेल ते बोलायचं, असा रिवाज होता. हा रिवाज खानदेशातल्या गावातून माणसांबरोबर सुरतेला आला होता.

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्टीच्या दिवशी वडील आणि त्यांचे गाववाले ओट्यावर प्लायवूडचा पट मांडून बसत. पट वडिलांनीच रंगवलेला. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी बॉबिनचा तुकडा उभा करायचे. त्यांचे नियम जुने होते. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची, आणि प्यादं कधीही एकच घर चालायचं. पण खरा रस असायचा तो प्यादेमातीत. समोरच्याला सरळ मारता येत असतानाही वडील थांबायचे, त्याच्या राजाला पटभर पळवायचे आणि शेवटी प्यादं पुढे सरकवून हात झटकायचे. त्यात धोकाही होता. प्याद्याच्या नादात राजा निसटला, तर त्यासारखं दुसरं हसं नाही. "प्यादापायी राजा सोडना रे!" असं सगळी गल्ली ओरडायची.

मी खेळायला शिकलो तो वडिलांकडून प्यादेमात खाऊन. मी रडकुंडीला आलो तरी ते म्हणायचे, "रडानं नंतर. आधी तांब्या आन." त्यांना लूमच्या आवाजाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे आणि आम्ही सगळेच घरात मोठ्याने बोलायचो. तो तांब्या मी अनेकदा आणला आहे. जिंकणं पुरेसं नसतं, समोरच्याला ते लागलं पाहिजे, हे मी तिथे शिकलो असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र खेळ असाच असतो, एवढंच मला माहीत होतं.

कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. कॉमर्सला प्रवेश घेतला, आणि पहिल्याच महिन्यात जिमखान्याची खोली सापडली. दोन टेबलं, चार लाकडी बोर्ड, कोपऱ्यात पाण्याचा माठ. एक बोर्ड रिकामा होता. मी बसलो आणि सोंगट्या लावायला लागलो.

"ए भाऊ," मागून आवाज आला. "उठ."

सुरतेत मराठी माणसाला भाऊ म्हणतात, आणि ते भावासारखं म्हणत नाहीत. मी वळून पाहिलं. आमच्याच वर्गातला मुलगा होता. त्याच्या वडिलांचं रिंग रोडच्या मार्केटात साड्यांचं दुकान होतं. कॉलेजच्या बुद्धिबळ टीममध्ये चार जण होते, आणि हा चौथा. पुढे मी मनात त्याला चौथा असंच म्हणत राहिलो, म्हणून इथेही तसंच लिहितो.

"बोर्ड टीमसाठी आहेत," तो हिंदीत म्हणाला. "बाकीच्यांनी उभं राहून बघायचं."

"कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून..." मी म्हणालो. घरच्या सवयीने माझा आवाज खोलीभर गेला.

"धीमे बोल, भाऊ," तो गुजरातीत म्हणाला. "अहीं मशीन नथी चालतुं." म्हणजे, इथे मशीन चालत नाही.

सगळे हसले. मी उठलो. त्या दिवशी आणि नंतरही बरेच दिवस मी भिंतीला टेकून उभा राहून त्यांचे डाव बघत होतो. त्यांचे नियम, कॅसलिंग, प्याद्याची पहिली दोन घरं, हे सगळं मी उभ्यानेच शिकलो. चौथा मधूनमधून मान न वळवता विचारायचा, "काय भाऊ, कळतंय ना?" कळत होतं. त्याचा खेळ मला फार चांगला कळायला लागला होता. तो लोभी होता. समोर काही खायला दिसलं की तो खायचा.

हिवाळ्यात नोटीस बोर्डावर सूचना लागली. टीम आंतरकॉलेज सामन्यांसाठी वडोदऱ्याला जाणार होती. जिमखान्याचे सर नियम करून मोकळे झाले होते. बाहेरच्या कोणालाही चौथ्या जागेसाठी एकदा आव्हान देता येईल. जागा घ्यायची तर जिंकावं लागेल. बरोबरी झाली तर जागा ज्याची त्याच्याकडे राहील. ज्याची जागा गेली त्याला ती परत मिळवायला एक संधी मिळेल. मी नाव दिलं.

घरी मी चुकून ते सांगून टाकलं. वडिलांना नीट ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकायचं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतला प्रत्येक माणूस मला विचारत होता की बडोद्याला कधी निघणार. एसटीने गावी जाण्याखेरीज मी कुठे गेलो नव्हतो. हरलो तर या ओट्यावरून रोज जायचं होतं.

डाव दुपारी, तास संपल्यावर झाला. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे आल्या. टीममधले तिघे आणि सर आजूबाजूला उभे होते. खेळायच्या आधी हात मिळवायचा असतो. चौथ्याने दोन बोटं पुढे केली आणि नंतर ती रुमालाला पुसली.

मला तो राग नीट सांगता येणार नाही. तो गरम नव्हता. त्याच्यामुळे मला पट फार स्वच्छ दिसत होता. चौथ्याने कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात लपवला आणि मागे टेकून बसला. माझा उंट तिरका थेट त्याच्या राजासमोरच्या कडेच्या प्याद्यावर रोखलेला होता. मी उंट उचलला आणि ते प्यादं खाल्लं. शह.

"मफतमां आपी दीधो," चौथा म्हणाला, म्हणजे फुकटात दिला, आणि त्याच्या राजाने माझा उंट खाल्ला.

मी घोड्याने शह दिला. राजाला परत कोपऱ्यात जाता आलं असतं, पण तिथे माझा वजीर पोहोचत होता. तो राजा घेऊन पुढे आला, उघड्यावर. मी घोडाही सोडला. त्याने तोही खाल्ला. टीममधला एक जण हसून म्हणाला, "भाऊ तर सदावर्त उघडून बसलाय." मी मान वर केली नाही. माझा एक हत्ती दूर कोपऱ्यात त्याच्या मोहऱ्यांच्या तोंडाशी उभा होता, तोही मी हलवला नाही. एवढं सगळं देऊन टाकल्यावर परत फिरता येत नाही, आणि परत फिरता येत नाही म्हणूनच मला बरं वाटत होतं. त्याच्या राजासमोरची तटबंदी गेली होती. त्याचे मोहरे पटाच्या दुसऱ्या टोकाला माझं खाण्यात गुंतलेले. त्याचा राजा पटाच्या कडेला येऊन अडकला.

आता मात चौथ्यालाही दिसली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वजीर एकदा सरकवला की संपलं. त्याने माझ्या वजिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच खुर्ची मागे सारली. त्याला उठून जायचं होतं.

मी वजिराला हात लावला नाही. मी कडेचं प्यादं एक घर पुढे ढकललं. त्याच्या जोरावर पुढच्या खेळीत शेजारचं प्यादं राजाच्या अंगावर जाणार होतं.

चौथ्याने खुर्ची परत पुढे ओढली. त्याचा चेहरा एकदम सुटला. मला वजीर दिसलाच नाही असं त्याला वाटलं. आणि मग त्याने तेच केलं जे तो नेहमी करायचा. समोर माझा हत्ती होता, तो त्याने खाल्ला.

मी शेजारचं प्यादं पुढे सरकवलं आणि वडिलांसारखे हात झटकले.

"मात," सर म्हणाले. त्यांनी वाकून खात्री केली. "मात छे."

मी चौथ्याकडे पाहत होतो. मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. तो उठावा, कोपऱ्यातल्या माठाकडे बघावं त्याने, काहीतरी व्हावं. पण तो टीमकडे वळून हसत होता.

"नसीब जुओ," तो म्हणाला. "एका खेळीत मात होती, या भाऊला दिसली पण नाही. आंधळा जिंकला."

"खरंच," दुसरा म्हणाला. "वजीर नुसता सरकवायचा होता."

त्यांना प्यादेमात माहीतच नव्हती. त्यांच्या लेखी मात म्हणजे मात, कोणी का दिली असेना. मी जिच्यासाठी सगळा डाव पणाला लावला होता ती शिवी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. उलट मीच अडाणी ठरलो होतो.

सरांनी चष्मा काढला. "तू जिंकलास, जागा तुझी," ते म्हणाले. "पण एका खेळीची मात दिसत नसेल तर वडोदऱ्यात काय करणार? दिसली नव्हती का?"

दिसली नव्हती म्हटलं तर मी आंधळा. दिसली होती म्हटलं तर का सोडली ते सांगावं लागणार. मला नेहमीच बोलायला वेळ लागतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी शेवटी म्हणालो, "दिसली होती, सर."

"पछी? मग का सोडली?"

"आमच्याकडे प्याद्याने मारणं मोठं समजतात." माझा आवाज पुन्हा मोठा झाला होता, पण मी थांबलो नाही. "म्हणजे, समोरच्याचा अपमान करायचा असेल तर. तुला मारायला माझा शिपाईही पुरे, असं. मग हरलेल्याने उठून पाणी आणून द्यायचं असतं."

आता ते पोहोचलं. चौथ्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने सोंगट्या एक एक करून मागे नेल्या, मी कडेचं प्यादं ढकललं होतं तिथपर्यंत. मग त्याने माझा हत्ती खाल्ला नाही. त्याने आपला वजीर उचलला आणि माझ्या राजाला शह दिला. मला वजीर मध्ये घालावाच लागत होता. त्याने वजिराला वजीर मारला. उरलेल्या पटावर माझ्याकडे हत्ती आणि थोडीशी प्यादी होती आणि त्याच्याकडे अख्खी फौज.

"हे होतं," तो मला म्हणाला. "हे खेळलो असतो तर तू गेला होतास. माज करत होतास ना? बघ, तुझा माज."

ती खेळी मला खरंच दिसली नव्हती. बडोदा, गल्ली, ओटा, सगळं मी त्याला खिजवण्यासाठी पणाला लावलं होतं आणि ते मला माहीतही नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात," चौथा सरांना म्हणाला. "मला माझी संधी पाहिजे."

घरी वडील वाट बघत होते. "काय व्हयनं?"

"जितनू," मी ओरडून सांगितलं.

"कसाघाई मारं?" कशाने मारलं, ते त्यांना हवं होतं.

"प्यादाघाई."

त्यांनी मांडीवर थाप मारली. मग मान पुढे करून त्यांनी विचारलं, "मंग? तो काय बोलना?"

त्याला कळलंच नव्हतं, सांगावं लागलं, असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. "काही नाही," मी म्हणालो. पण ते एवढ्या हळू म्हणालो की त्यांना ऐकू गेलं नसावं.

तो आठवडा वाईट गेला. वर्गात चौथा माझ्या मागच्या बाकावर येऊन बसायचा. बोलायचा काही नाही. बोटांनी बाक वाजवत राहायचा, एकसारखं, लूम चालते तसं. त्याचे मित्र तोंड दाबून हसायचे. जिमखान्यात मी खुर्चीवर बसू शकत होतो, पण माझ्याशी कोणी डाव मांडत नव्हतं. मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचो. मागून कोणीतरी म्हणायचं, "पाणी आणू का, भाऊ?"

दुसऱ्या डावात पांढऱ्या त्याच्याकडे होत्या. यावेळी त्याने हात पुढेच केला नाही. सरांनी सांगितलं तेव्हा केला, आणि माझी बोटं दुखेपर्यंत दाबली.

मला बरोबरीही पुरे होती, आणि तेच चुकलं. मी घाबरत खेळलो. राजा लपवला, सगळे मोहरे त्याच्याभोवती गोळा केले, आणि त्यांची एकमेकांत अडचण झाली. चौथा असा खेळत होता की मी त्याला ओळखलंच नाही. तो काही खात नव्हता. मी एक प्यादं मोकळं सोडलं, त्याने त्याकडे बघितलं नाही. मग त्याने त्याच्या उंटाने माझ्या राजासमोरचं कडेचं प्यादं खाल्लं. माझाच वार, माझ्याच घरावर. मी उंट खाल्ला. त्याने घोडा दिला. मी घोडा खाल्ला, दुसरं काही करताच येत नव्हतं. त्याने हत्ती दिला. प्रत्येक सोंगटी ठेवताना तो ती पटावर आपटत होता आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत होता.

माझा राजा उघड्यावर आला. मला मात दिसली. त्याच्या वजिराने एक घर सरकायचं होतं. सरांनीही ती पाहिली असावी, कारण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी हात मांडीखाली दाबून बसलो. घरी काय सांगायचं ते शब्द मी मनात जुळवायला लागलो होतो.

चौथ्याचा हात वजिराच्या वर जाऊन थांबला. स्पर्श केला की तीच सोंगटी खेळावी लागते. त्याने स्पर्श केला नाही. हात तसाच हवेत ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो हात बाजूला गेला आणि त्याने प्यादं एक घर पुढे ढकललं. पुढच्या खेळीत ते माझ्या राजाला मारणार होतं.

माझ्या कानांत आग झाली. ते काय होतं हे खोलीत सगळ्यांना एव्हाना ऐकून माहीत होतं, पण लागलं ते मलाच. त्याने मला माझ्या गल्लीतली शिवी दिली होती, आणि तीत एक अक्षरही चुकवलं नव्हतं. रुमालाला बोटं पुसणं, बाक वाजवणं, हे मी सोसलं होतं. हे सोसवेना. डोळ्यांत पाणी येईल अशी भीती वाटून मी खाली पाहिलं, आणि खाली पट होता.

माझा वजीर मोकळा होता. त्याच्या राजासमोर कोणी उरलं नव्हतं. सगळे माझ्यावर धावून आले होते. मी शह दिला. त्याने राजा एका बाजूला घेतला. मी दुसऱ्या बाजूने शह दिला. तो परत पहिल्या घरावर आला. मी पुन्हा शह दिला. त्याला तिसरं घर नव्हतं. आणि शह असताना ते प्यादं पुढे जाऊ शकत नव्हतं. ते माझ्या राजापासून एका घरावर उभं होतं आणि तिथेच उभं राहिलं.

असं बराच वेळ चाललं. तो राजा हलवत राहिला, जोरात, अजून जोरात, जणू आपटल्याने नवीन घर उघडेल. तेच शह पुन्हा पुन्हा येत राहिले की डाव बरोबरीत सुटतो; शेवटी सरांनी टेबलावर हात ठेवला.

"ड्रॉ," ते म्हणाले. "टीम जेम छे तेम ज रहेशे. जागा याचीच."

टीममधले तिघे निघून गेले. सर कपाट लावायला गेले. आम्ही दोघे बसून होतो. मला आनंद झाला नव्हता. मी हळू आवाजात, खरोखर हळू आवाजात, विचारलं, "वजीर दिखा था?"

"पहले से दिखा था."

"फिर?"

तो पटाकडे बघत होता. "तुझे पानी लाने भेजना था," तो म्हणाला.

मग तो उठला, कोपऱ्यातल्या माठातून स्वतःच ग्लास भरून प्यायला, ग्लास उपडा ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. पुढे दोन वर्षं आम्ही एका वर्गात होतो. तो माझ्याशी कधी बोलला नाही, मीही बोललो नाही.

घरी ओट्यावर पट मांडलेला होता. वडिलांनी मला पाहून हातातली सोंगटी खाली ठेवली. "काय व्हयनं?"

बरोबरी झाली, जागा राहिली, असं मी सांगितलं. त्यांना ते पुरलं नाही. कसं झालं ते सगळं सांग म्हणाले. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की तो जिंकला होता, वजिराने एका खेळीत मारता येत होतं, पण त्याने वजीर सोडला आणि प्याद्याच्या मागे गेला.

वडील एवढ्या जोरात हसले की समोरच्या घरातली बाई दारात आली. "प्यादापायी राजा सोडना!" ते गाववाल्यांकडे बघून ओरडले. सगळे हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं,

"कोन शे रे तो? आपला गावना शे का?"

मी नाही म्हणालो.